वकीलसाहेबांचा उजवा खांदा

गावाहून मुंबईला आलो तेव्हा मी स्वतःला मोठा शिंपी समजत होतो. बोटीत वळकटीला जागा मिळाली नाही, या समजाला मात्र भरपूर मिळाली.

आमच्या गावात शिंपी म्हणजे देवळाच्या पडवीत मशीन घेऊन बसलेला एक म्हातारा आणि त्याच्या हाताखाली मी. चौथीनंतरची शाळा खाडीपलीकडे होती. वडील गेल्यावर मला खाडीपलीकडे पाठवण्यापेक्षा पडवीत पाठवणं घरच्यांना सोयीचं वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. वर्गात आम्ही नुकतेच पावकी-निमकीला आलो होतो. रोज सकाळी पोरं पाव-अर्ध्याचे ते पाढे घसा फाडून म्हणत. माझी पावकी 'दोन पाव अर्धा' इथपर्यंत आली आणि शाळा सुटली. शिंप्याला अर्ध्याच्या पुढे जाऊन करायचंय काय, असा माझा विचार.

आणि खरंच काही करायचं नसे. आमच्याकडे माणसाचं माप घेण्याची पद्धतच नव्हती. ज्याला कपडा शिवायचा तो आपला जुना कपडा आणून द्यायचा. त्याला म्हणायचं 'मापाचा'. बायका मापाची चोळी पदराखालून काढून पडवीच्या कठड्यावर ठेवायच्या आणि मागे न बघता निघून जायच्या. आम्ही नव्या कापडावर जुनं पसरायचो, चारी बाजूंनी बोटभर सोडायचो आणि कात्री चालवायचो. अर्धा गाव मी असा न बघता शिवला. कुणाची तक्रार आली नाही. तक्रार करून जाणार कुठे? दुसरा शिंपी खाडीपलीकडे.

ही विद्या घेऊन मी गिरगावात एका कोट-पॅन्टच्या दुकानात कारागीर म्हणून लागलो. राहायला लालबागला, आमच्या गावकीच्या खोलीत. एका खोलीत सगळा गाव. दिवसपाळीचे उठून गेले की रातपाळीचे त्याच चटयांवर आडवे होत, त्यामुळे चटया कधी थंड झाल्याच नाहीत. जेवण शेजारच्या मावशीच्या खाणावळीत. मला जागा दिली, पहिल्या दिवसापासून ताट दिलं, "शिंपी आपलो आसा" म्हणून चाळीत मिरवलं. त्या माणसांचं माझ्यावर जे आहे ते फेडण्याजोगं नाही, म्हणून मी त्याचा हिशेब ठेवला नाही.

दुकानात मालकाला सगळे मास्तर म्हणत. खाली मास्तर, आरसा आणि गिऱ्हाईक. वर माळ्यावर आम्ही कारागीर आणि मशिनी. माळा इतका बुटका की ताठ उभं राहायचं तर आधी खाली यावं लागे. आमचं काम शिवायचं. माप घ्यायचं आणि कापायचं ते मास्तरांनीच. त्यांची मोठी काळी कात्री त्यांच्या पाठीमागच्या खिळ्यावर लटकलेली असे. तिला दुसऱ्या कुणी हात लावत नसे. देव्हाऱ्यातला शंख आम्ही एकवेळ उचलला असता.

मला ती कात्री हवी होती. तशीच नव्हे, तीच. कात्री हातात आलेल्याला मुंबईत 'मास्तर' म्हणतात, बाकीच्यांना 'अरे'. घरी आईने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगा मुंबईत मास्तर झालाय. तिला खोटं पाडायची माझी छाती नव्हती.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज कुठे सभा, कुठे हरताळ, कधी कर्फ्यू. आमचे मास्तर एरवी अबोल, पण मुंबईचा विषय निघाला की टेप गळ्यात तशीच ठेवून रस्त्यावर उतरायचे. एका सकाळी सत्याग्रहाला म्हणून गेले ते पोलिसांच्या गाडीतूनच पुढे गेले. दुकान उघडं, मास्तर आत.

आणि नेमके त्याच दिवशी वकीलसाहेब आले. गिरगावातलं बडं प्रस्थ. सभांना अध्यक्ष लागला की लोक आधी त्यांच्याकडे जात, आणि ते नाही म्हणत नसत.

"मास्तर कुठायत?"

"तुरुंगात," मी खाली उतरत म्हणालो. जरा अभिमानानेच म्हणालो, कारण ते दुकानाच्या लौकिकात भर घालणारं होतं.

"उत्तम! पण माझा कोट? रविवारी सभा आहे. मी अध्यक्ष."

त्यांनी बगलेतून जुना कोट काढून टेबलावर ठेवला. "माप घ्यायला मला वेळ नाही. हा आहे, असाच शीव."

मापाचा कोट! मला वाटलं, माझं गावच आरशासमोर उभं राहिलंय. माळ्यावरून सोबतच्या कारागिराने खाली डोकं काढून मानेनेच 'नको' केलं. मी ते पाहिलं नाही असं केलं आणि खिळ्यावरची कात्री काढली.

जुना कोट उसवून पसरला तेव्हा लक्षात आलं की उजव्या खांद्याला कापसाची गादी डावीपेक्षा जाड आहे. शिवाय त्या बाजूचं कापडही जरा निराळं उतरलेलं. माझ्या तोंडून जे निघालं ते माळ्यावर सगळ्यांनी ऐकलं : "कुठल्या आंधळ्याने कापलाय रे हा? दोन खांदे सारखे कापता येत नाहीत!"

माळ्यावर कुणी हसलं नाही. तो कोट मास्तरांनीच कापला होता हे मला सांगण्याचं धाडस एकाच्याही अंगी नव्हतं. मग मी त्या अनामिक आंधळ्याची चूक दुरुस्त केली. दोन्ही खांदे एकाच मापाने कापले, दोन्हीकडे सारखी गादी भरली, इस्त्री फिरवली. टेबलावर कोट असा देखणा दिसत होता की तो टेबलालाच घालून पाठवावा.

तीन दिवसांनी वकीलसाहेब आले, कोट घातला आणि आरशात बघत राहिले. कॉलर मानेवरून उजवीकडे घसरली होती. उजव्या काखेखाली सुरकुत्यांचा पंखा झाला होता. सगळा माणूस असा दिसत होता की कुणीतरी त्याला एका बाजूने खाली खेचतंय.

"अरे, मी झोकांड्या खातोय असं वाटतंय!" ते ओरडले. "दारूबंदीच्या दिवसांत मी हा घालून व्यासपीठावर बसू?"

त्याच संध्याकाळी मास्तर सुटून आले. गळ्यात झेंडूचा हार, मागे घोषणा. दुकानात पाऊल टाकलं, कोट पाहिला, आणि हार काढून खुर्चीवर ठेवला.

"कात्री कोणी घेतली?"

"मी."

"टेप लावलीस अंगाला?"

"मापाचा कोट होता की, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुरुंगात बहुतेक त्या संपल्या असाव्यात. ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून काजं-बटणं." मग कोट घेऊन आत गेले, आणि रविवारी वकीलसाहेब तोच कोट घालून ताठ अध्यक्ष झाले. आत काय केलं ते मास्तरांनी सांगितलं नाही. विचारायची मला हिंमत झाली नाही.

काजं-बटणं हे काम वाईट नाही. त्यात माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो, हाच काय तो त्रास. मशीन मला मिळे ते फक्त काळे झेंडे शिवायला. कुणी मोठा पाहुणा शहरात यायचा असला की समितीची माणसं काळ्या कापडाचे गठ्ठे आणून टाकत. झेंड्याला खांदे नसतात. सरळ चार कडा दुमडायच्या. माझ्या कर्तबगारीला साजेसं काम आंदोलनाने मला मिळवून दिलं, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पण रात्रंदिवस धाकधूक हीच, की जन्मभर बटणंच लावणार काय? म्हणून शिकायचं ठरवलं. कोटात, म्हणजे फोर्ट भागात, एका कटिंग कॉलेजची पाटी पाहिली होती, तिथे गेलो. टेबलामागच्या गृहस्थाने विचारलं, "किती शिकलाय?"

"चौथी."

"इंग्रजी चौथी?"

"नाही. आमची."

"आमचं पुस्तक इंग्रजीत आहे. चित्रं बघाल, पण चित्राखाली काय लिहिलंय ते कोण सांगणार?" असं अत्यंत सभ्यपणे विचारून त्याने मला दार दाखवलं. दारावर काय लिहिलं होतं तेही इंग्रजीतच असल्यामुळे मला वाचता आलं नाही.

मग एकदा शिवाजी पार्काजवळ एका गिऱ्हाइकाकडे पॅन्ट पोचवायला गेलो होतो. परत येताना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून मशीनचा आवाज आला. मशीन रडत होतं. असा आवाज ऐकून शिंप्याला पुढे जाता येत नाही. वर गेलो. दारावर पाटी : 'शिवण-कर्तन वर्ग. फक्त महिलांसाठी.' ही मात्र मराठीत होती, त्यामुळे अपमान पहिल्या वाचनातच समजला.

"काय पाहिजे?" चष्मा लावलेल्या एक बाई दारात आल्या. मागे दहा-बारा मुली, सगळ्यांच्या गळ्यात टेपा.

"बाई, तुमच्या मशीनच्या शटलमध्ये दोरा अडकलाय."

"खालून कळलं तुला?"

"रडतंय ते."

मशीन साफ केलं, तेल घातलं, सुरू करून दिलं. बाई काय देऊ म्हणाल्या, तेव्हा मी एका दमात सगळं सांगून टाकलं : पडवी, मापाचा कोट, काजं-बटणं, चित्राखालचं इंग्रजी. मुली तोंडावर पदर घेऊन ऐकत होत्या. बाईंनी चष्मा काढून पुसला.

"पाटी वाचलीस ना?"

"वाचली."

"मग तू गॅलरीत बसायचंस. रस्त्याकडे तोंड करून. आमच्या मुली एकमेकींची मापं घेतात, तेव्हा वळून बघायचं नाही. कानांनी काय येईल ते तुझं. मशिनी तू नीट ठेवायच्यास."

अशा रीतीने मी शरीराची मापं पाठमोरा शिकलो. आत आकडे बोलले जात, मी समोरच्या बदामाच्या झाडाकडे बघत ते कागदावर उतरवी. रस्त्यावरून मोर्चा निघाला की घोषणांत आकडे बुडत आणि एखाद्या मुलीची पाठ माझ्या कागदावर मुंढ्याहून लहान होई. मुंढा म्हणजे बाहीचं भोक. बाई मग कागद बघून म्हणत, "ही मुलगी जन्माला आली तर मला दाखवायला आण."

पण खरी अडचण झाली ती पावकीची. छातीचा पाव, त्यात दीड इंच, खांद्याच्या उतारासाठी पाऊण. बाई बोलत गेल्या आणि मी अर्ध्यावर थांबलो. शाळेतही तिथेच थांबलो होतो.

"निमकी येत नाही तुला?" बाई गॅलरीच्या दारात येऊन म्हणाल्या.

"पावकी दोनपर्यंत येते."

आत एकच हशा. मला वाटलं, बदामाच्या झाडावर उडी मारावी. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी जुनं वर्तमानपत्र घेतलं, एक पट्टी कापली. "ही घडी घाल. अर्धा. परत घाल. पाव. आता उघड. तीन भाग धर, एक सोड. काय राहिलं हातात?"

"पाऊण."

"बस. एवढ्यासाठी शाळा सोडलीस होय रे?" आणि आत वळून मुलींना म्हणाल्या, "हसू नका. तुमच्यातल्या निम्म्या जणींना घडी न घालता सांगता येणार नाही."

त्या दिवसापासून वर्ग सुरू व्हायच्या आधी मी गॅलरीतून रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने पावकी म्हणे : एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. खालून जाणारे आजोबा मान वर करून बघत. शिवाजी पार्कातल्या सभांपैकीच हा काही नवा प्रकार असावा असं त्यांना वाटत असेल.

ऐकलेलं हाताने करून बघायला अंग लागतं. ते मी खोलीवर शोधलं. सुटीच्या दिवशी दुपारी रातपाळीची माणसं ओळीने झोपलेली असत. आयती गिऱ्हाइकं, हलत नाहीत, घाई करत नाहीत. मी आमच्या खोलीच्या कारभाऱ्यांपासून सुरुवात केली. गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, गावकीत शब्दाला वजन असलेला माणूस. टेप त्यांच्या खांद्यापासून कमरेपर्यंत नेली आणि त्यांनी डोळे उघडले.

"मेल्या! माज्या तिरडेचा माप घेतंस काय रे?"

सगळी खोली जागी झाली. मी चाचरत सांगितलं, शिकतोय.

"खय शिकतंस?"

"दादरला. एक बाई आहेत. बायकांचा वर्ग आहे."

"बायलांच्या वर्गात!" पलीकडचा एकजण उठून बसला. "आणि आमी समजतव झिल मोर्च्याक जाता!"

महिनाभर मला खोलीत सगळे 'वहिनी' म्हणत. पण त्याच कारभाऱ्यांनी दुसऱ्या रविवारी भिंतीला पाठ लावून उभं राहून सांगितलं, "घे काय घ्यायचा ता. निजलेल्या माणसाचा माप खरा नसता." आणि एकेकाला दरडावून रांगेत उभं केलं. जमिनीवर माझे वर्तमानपत्राचे कागद पसरायला चटया गुंडाळून दिल्या. सभांचे मथळे कापून मी त्यांचे पाठीचे आणि छातीचे भाग काढले.

आणि तिथे मला एक गोष्ट आढळली. त्या सबंध खोलीत एकाचेही दोन खांदे सारखे नव्हते. कुणाचा डावा खाली, कुणाचा उजवा. मी टेप परत परत लावली. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मग? माणूस काय तुझा काळा झेंडा आहे?"

मी त्या दिवशी दादरहून लालबागपर्यंत चालत आलो. डोळ्यांसमोर एकच कोट. उजवीकडची ती जाड गादी. त्या आंधळ्या शिंप्याला सगळं दिसत होतं, आणि मी डोळे असून त्याचं काम पुसून टाकलं होतं. मास्तरांना जाऊन सांगावंसं वाटलं की मला कळलं. पण बटणं लावणाऱ्याने असं काही सांगायचं नसतं, आणि मास्तरांनी विचारलं नाही.

अखेर राज्य होणार हे ठरलं. मुंबईसकट. गिरगावात प्रत्येकाला अचानक आपले कपडे जुने झाल्याचं दिसलं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मास्तर कमान उभारायच्या बैठकीला गेलेले. मी खाली बटणांचा डबा आणायला उतरलो होतो. दारात वकीलसाहेब.

"मास्तर कुठायत?"

"कमानीला गेलेत."

"पुन्हा तूच!" त्यांनी दोन पावलं मागे घेतली. मग घड्याळ बघितलं, सुस्कारा सोडला आणि बगलेतून कोट काढला. तोच. मीच बिघडवलेला आणि मास्तरांनी आत नेऊन सावरलेला. "आनंदसभेला मी अध्यक्ष. वेळ नाही. हा घे, याच्यावरून..."

"माप घ्यावं लागेल, साहेब."

"कशाला? मापाचा आहे ना हा!"

 पुन्हा चुकलो तर बटणांचा डबाही हातचा जाणार होता. तरी मी मास्तरांची टेप उचलली. कात्रीकडे बघितलं नाही. "मास्तर आल्यावर कापतील. मी फक्त माप घेऊन ठेवतो."

ते कुरकुरत उभे राहिले. डावा खांदा ते कंबर. उजवा खांदा ते कंबर. परत डावा. परत उजवा. पाऊण इंचाचा फरक. मनात घडी घातली, उघडली, तीन भाग धरले. पाऊणच.

"काय रे, काय झालं?"

सांगावंसं इतकं वाटलं म्हणता! जिभेवर आलं होतं : साहेब, चूक माझी होती, पण खांदा तुमचा होता. इतक्या दिवसांची 'वहिनी', गॅलरी, काजं-बटणं, सगळ्याचा निकाल त्या एका वाक्यात लागला असता.

वकीलसाहेब आरशात बघून छाती काढत होते. "मागच्या वेळी तू वाट लावलीस. अरे, हे खांदे बघ! शाळेत कवायतीला मला पहिल्या ओळीत उभं करायचे, इतके सरळ."

मी आरशात त्यांचं तोंड पाहिलं. साठीच्या माणसाच्या चेहऱ्यावर शाळकरी पोराची खुशी होती. एवढ्या वर्षांत कोट शिवणाऱ्या एकाही शिंप्याने त्यांना काही सांगितलं नव्हतं. सगळे कापूस भरत आले होते.

"होय साहेब," मी म्हणालो. "सरळच आहेत."

मास्तर आले तेव्हा वकीलसाहेब निघून गेले होते. मी मापं सांगितली, आणि शेवटी हळूच, "उजवा पाऊण इंच खाली."

मास्तरांची मान वर झाली. "कोणी सांगितलं?"

"टेपने."

"आणि तू त्यांना सांगितलंस?"

"नाही."

 मास्तरांनी मागे हात करून खिळ्यावरची कात्री काढली आणि टेबलावर माझ्या बाजूला ठेवली. "काप. मी बघतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "त्या आंधळ्यापेक्षा बरा काप म्हणजे झालं." माळ्यावर शिवणाऱ्यांच्या सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. म्हणजे तेव्हाचं ते वाक्य कुणीतरी पोचवलं होतंच.

कात्री मला वाटली होती त्यापेक्षा जड होती. पहिला काप मारायला मी इतका वेळ लावला की मास्तरांनी चहा मागवला.

आनंदसभेला सगळी गावकीची खोली आली. बाईही आल्या होत्या, दोन मुलींना घेऊन. लोक व्यासपीठाकडे बघत होते, जल्लोष करत होते, कारभारी तर रडत होते. महाराष्ट्र मिळाला होता. मी मात्र एका उजव्या खांद्याकडे बघत होतो, की घामाने गादी सरकते की काय. सरकली नाही. पण उन्हाळा होता. भाषण रंगात आलं आणि वकीलसाहेबांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला.

नुसत्या सदऱ्यात, उजवीकडे झुकलेले, ते हात उंचावून बोलत राहिले.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "अरे, यांचा उजवा खांदा चांगला खाली आहे की! कोटात तर कळत नव्हतं."

"मला नाही दिसत, बाई," मी म्हणालो.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवरच्या कोटाकडे.

"बरं," त्या म्हणाल्या, "मास्तर."